पावसाळी सायकलिंगचं जॅकेट: लेबलवरचे आकडे आणि आपला दमट पाऊस

पावसात सायकल चालवणाऱ्याला दोन पाण्यांशी गाठ असते. एक वरून पडतं, दुसरं अंगातून निघतं. जॅकेटच्या लेबलवर पहिल्याचा आकडा ठळक असतो आणि दुसऱ्याचा बारीक अक्षरात, तोही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत काढलेला. जून ते सप्टेंबर कोकणात, घाटात आणि देशावर सायकल चालवायची असेल तर माझं सरळ मत असं आहे की महागड्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या कापडातल्या पातळ पडद्यावर, पैसे घालण्याआधी जॅकेटचा कट आणि हवा खेळायच्या जागा बघा. हे मत नुसतं आवडीनिवडीचं नाही, त्यामागे साधा हिशेब आहे.

वाफ कापडातून बाहेर पडते ती कापडाच्या मनात आलं म्हणून नाही. आत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी असतो, म्हणून ती ढकलली जाते. चढावर पायडल मारताना जॅकेटच्या आतली हवा ३३ अंशांची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली धरली तर तिचा बाष्पदाब ५.० किलोपास्कल येतो. बाहेर लंडनचा १० अंशांचा, ८० टक्के आर्द्रतेचा पाऊस असेल तर तिथला बाष्पदाब जेमतेम १.०. म्हणजे ढकलणारा फरक ४.०. आता तेच जॅकेट मुंबईत जुलैमध्ये घाला. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता म्हणजे बाहेरच ३.४ किलोपास्कल, फरक उरला १.६. माणूस तोच, घाम उलट जास्त, आणि वाफ बाहेर काढणारा जोर चाळीस टक्क्यांवर आला. परदेशातल्या भावाने किंवा मैत्रिणीने कौतुकाने आणून दिलेलं भारी जॅकेट घोडबंदर रोडवर गुदमरायला लावतं ते यामुळे. जॅकेट खोटं नसतं, हवा वेगळी असते.

घाटमाथ्यावर चित्र जरा बदलतं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठलं की साधारण तेराशे मीटर उंची मिळवलेली असते आणि खालच्यापेक्षा हवा सात-आठ अंशांनी गार असते. १९ अंश आणि जवळपास शंभर टक्के आर्द्रता धरली तर बाहेर २.२, फरक २.८. इथे चांगलं मेम्ब्रेन खरंच काम करतं. पण मेख अशी की घाम येतो चढावर आणि जॅकेटची खरी गरज लागते उतारावर. चढताना अंग भिजलं तरी पाय गरम ठेवतात. उतरताना पाय थांबतात, ओली जर्सी आणि चाळीसच्या वेगाचा वारा मिळून दहा मिनिटांत बोटं आखडतात, आणि आखडलेल्या बोटांनी ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबायचे असतात. त्यामुळे घाटासाठी जॅकेट बघताना दुकानात पहिला प्रश्न असा विचारा: याची घडी जर्सीच्या मागच्या खिशात मावते का? मावत नसेल तर तुम्ही ते चढावर घालूनच चढणार, आतून निथळणार आणि उतारावर त्याचा उपयोग निम्मा होणार.

आता आकडे. ५,०००, १०,०००, २०,००० मिमी हा पाण्याच्या स्तंभाचा आकडा. १०,००० म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब आला तेव्हा कुठे थेंब पलीकडे उमटले. नुसत्या पडणाऱ्या पावसाचा दाब त्याच्या आसपासही जात नाही, मग तो ताम्हिणीतला असला तरी. पाणी दाबून आत शिरतं ते पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्यांखाली, खांद्यावर, कोपराच्या वळणावर. सॅक नसेल आणि तासभराची फेरी असेल तर ५,००० चालतं. सॅक असेल किंवा तीन-चार तास सलग पावसात काढायचे असतील तर १०,००० घ्या. २०,००० साठी जास्तीचे पैसे मोजायची आपल्याकडे सायकलवर गरज पडत नाही. हा दाब कापडाने सोसला तरी गळती सहसा कापडातून होतच नाही, ती शिवण, झिप आणि गळ्यातून होते.

दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो: एका चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती बाष्प गेलं. १०,००० ग्रॅम ऐकायला भरपूर वाटतं. तासाला भागा, चारशे पंधराच्या आसपास येतात. जॅकेटचं कापड सव्वा चौरस मीटर धरलं तर अर्धा लिटर, तेही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत. जोर लावून घाट चढणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज काढतो. शिवाय ही चाचणी करायच्या पद्धती बऱ्याच आहेत आणि एकाच कापडाला पद्धतीगणिक वेगळा आकडा मिळतो, त्यामुळे एका कंपनीचे १५,००० आणि दुसरीचे १०,००० शेजारी ठेवून काही कळत नाही. लेबलवर आरईटी दिला असेल तर तो जास्त कामाचा. तो वाफेला होणारा अडथळा मोजतो, म्हणून जितका कमी तितका चांगला. ६ च्या खाली उत्तम, ६ ते १३ चांगला, २० च्या वर गेला की ते सायकलवर घालायचं कापड नाही.

थरांचं गणित आपल्या हवेत वेगळ्या कारणाने महत्त्वाचं ठरतं: वाळणं. दोन थरांच्या जॅकेटला आतून जाळीचं सुटं अस्तर असतं. अंगाला मऊ लागतं, स्वस्तही पडतं, पण ते अस्तर घाम पितं आणि जुलैत रात्रभर पंख्याखाली टांगलं तरी सकाळी दमटच राहतं. तिसऱ्या दिवशी कुबट वास, पंधराव्या दिवशी कॉलरच्या आत काळे ठिपके. अडीच थरांच्या जॅकेटला अस्तर नसतं, आतून फक्त छापलेली किंवा फवारलेली खरबरीत नक्षी असते. ते दोनशे-अडीचशे ग्रॅममध्ये बसतं आणि झटकून टांगलं की तासा-दोन तासांत वाळतं. खोट एवढीच की उघड्या दंडाला ते चिकटतं. तीन थरांत आतून बारीक विणीचं कापड मेम्ब्रेनला चिकटवलेलं असतं. चिकचिक कमी, टिकाऊपणा जास्त, किंमतही तशीच. रोज ऑफिसला जाणाऱ्याने अडीच थरांचं घ्यावं आणि खाली पूर्ण बाह्यांची पातळ जर्सी घालावी, चिकटण्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

गोअर या मेम्ब्रेन बनवणाऱ्या कंपनीच्या शेकड्राय प्रकाराबद्दल अजून विचारणा होते. त्यात बाहेरचं कापडच नसतं, मेम्ब्रेन उघडं असतं, त्यामुळे ते वरून ओलं धरत नाही, झटकलं की कोरडं. शंभर-सव्वाशे ग्रॅमचं हे जॅकेट शर्यतवाल्यांचं फार लाडकं होतं. कंपनीने ते बनवणं थांबवलंय. वापरलेलं कुठे मिळालं तर खांदे आणि कंबर उजेडात धरून बघा, कारण सॅकच्या पट्ट्यांनी उघडं मेम्ब्रेन झिजतं. आणि घाटात झाडोऱ्याला टेकून फोटो काढायची सवय असेल तर करवंदीची एक काटकी पुरते.

‘जॅकेट गळायला लागलं’ अशी जी तक्रार असते, तिच्यात निम्म्या वेळा जॅकेट गळत नसतं. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक लेप असतो, त्यामुळे नव्या जॅकेटवर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात. चिखल, घाम, सनस्क्रीन, चेनचं तेल आणि कपड्याच्या साबणाचा अंश यांनी तो लेप झाकला जातो. मग मोती होत नाहीत, पाणी पसरतं, कापड गडद होतं आणि अंगाला गार लागतं. मेम्ब्रेन अजून शाबूत असतं, पण बाहेर पाण्याचा थर बसल्याने वाफेला वाट राहत नाही, आतल्या आत घाम साचतो आणि बाही आतून ओली होते. त्यातून पूर्वीचे फ्लोरिनयुक्त लेप आता पर्यावरणाच्या कारणाने मागे पडले आहेत. नवे लेप पाणी चांगलं झटकतात, पण तेलकटपणापुढे लवकर हार मानतात. म्हणजे आज घेतलेलं जॅकेट दहा वर्षांपूर्वीच्या जॅकेटपेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं. न धुता जपून ठेवणं हेच चुकीचं.

हवेच्या जागांकडे बारकाईने बघा. काखेखालच्या झिपा असतील तर त्या सायकलवर बसल्या बसल्या एका हाताने उघडतात का? बऱ्याच उघडत नाहीत, कारण ओढायची दोरी नखाएवढी असते. पाठीवर आडवी झडप आणि तिच्याखाली जाळी असेल तर ती सॅक न घेणाऱ्यांसाठी फार उपयोगी, सॅकवाल्यांसाठी निरर्थक. सगळ्यात कामाची गोष्ट मात्र साधी आहे: पुढची झिप दोन्ही टोकांनी उघडणारी. खालून वीतभर उघडली की पोटाकडून हवा शिरते, छाती झाकलेली राहते आणि जॅकेट फुगून वाऱ्यात शीड होत नाही. मनगटाची पट्टी वेल्क्रोची असेल तर चढावर ती सैल करून बाही कोपरापर्यंत सरकवता येते. इलॅस्टिकवाल्या मनगटात तसं होत नाही, शिवाय तिथलं पाणी ओघळून कोपरात साचतं आणि हात खाली केला की पेलाभर बाहेर येतं.

झिपबद्दल एक गैरसमज. वरून रबरासारखा थर दिलेल्या झिपला दुकानदार वॉटरप्रूफ म्हणतो. ती पाणी अडवते, पूर्ण रोखत नाही. झिपच्या आत दोन बोटं रुंदीची कापडी पट्टी आहे का आणि ती वर हनुवटीपर्यंत जाते का, ते बघा. नसेल तर जोराच्या समोरच्या पावसात छातीवर ओली उभी रेघ उठणार. शिवणींनाही आतून टेप हवी, आणि ती सगळीकडे हवी. काही स्वस्त जॅकेटांत फक्त खांद्यांना आणि मानेला टेप असते, बगल आणि बाहीची शिवण उघडी. जॅकेट उलटं करून प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवा. टेपची कड नखाने उचलली जात असेल तर ते जॅकेट एका पावसाळ्याचं.

माप घेताना आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. वाका. काउंटरवर हात टेकून हँडल धरल्यासारखे उभे राहा. आता तीन गोष्टी तपासा. बाही मनगटाच्या हाडाच्या पुढे यायला हवी, ग्लोव्हची कड झाकेल इतकी. पाठीमागचा पदर कमरेखाली उतरून सीटच्या मागे पडायला हवा, आणि त्याला आतून रबरी पकड किंवा दोरी हवी, नाहीतर तो वर चढतो. पुढून मात्र जॅकेट तोकडं हवं, नाहीतर पोटापाशी घडी पडते आणि त्या घडीत पाणी साचतं. गळ्यात दोन बोटं जातील एवढी जागा पुरे. तीन बोटं गेली तर मानेवरचं पाणी थेट पाठीच्या कण्यावरून खाली. स्कूटरसाठीचा रेनकोट सायकलवर फसतो तो नेमका इथे: तो ताठ बसणाऱ्यासाठी कापलेला असतो, वाकलं की मागून वर आणि पुढून फुगतो. पीव्हीसीचा असेल तर पाणी शंभर टक्के अडवतो आणि घामही शंभर टक्के.

टोपी हवी की नको? हेल्मेटखाली बसणारी पातळ, घट्ट टोपी असेल तर उतारावर बरी वाटते. हेल्मेटवरून ओढायची मोठी टोपी रहदारीत नकोच, मान वळवली की डोळे टोपीच्या आत राहतात आणि मागची बस दिसत नाही. पुढे छोटी चोच असलेली सायकलिंगची कापडी टोपी हेल्मेटखाली घातली तर चष्म्यावरचे थेंब पुष्कळ कमी होतात, आणि ती शंभर-दोनशे रुपयांपासून मिळते. पाँचोचं म्हणाल तर शहरात, सपाटीवर, मडगार्ड असलेल्या साध्या सायकलवर तो झकास, खालून हवा खेळते. घाटात वळणावर खिंडीतला वारा शिरला की तोच पाँचो तुम्हाला रस्त्याच्या मधोमध नेऊन ठेवतो. शिवाय मोकळं टोक मागच्या चाकात जायची भीती.

पाच-सात किलोमीटरवर ऑफिस असणाऱ्या मुंबईकराला खरं तर जॅकेटपेक्षा कॅरिअरवरच्या पाणीबंद पिशवीची जास्त गरज आहे. भिजून जा, तिथे अंग पुसा, कोरडे कपडे घाला. २८ अंशांत भिजल्याने काही होत नाही. पुण्यात सकाळी बावीस-तेवीस अंश आणि भुरभुर असते, तिथे पाणीबंद नसलेला साधा विंडचीटरही भागवतो. खरी कसोटी लांब पल्ल्याच्या लोकांची. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेरीला, साडेतेरा तास मिळतात, त्यात पावसाच्या तीन-चार सरी, एखादा घाट आणि शेवटी अंधार. रात्री रिफ्लेक्टिव्ह वेस्ट सक्तीची असते आणि ती सगळ्यांत वरून दिसायला हवी, म्हणून जॅकेट अंगावर असताना वेस्ट त्यावरून चढते का आणि मागचा खिसा हाताला लागतो का, हे घरीच बघून ठेवा. रंग काळा नको. पावसात गाड्यांच्या काचा धूसर असतात, पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसा लवकर नजरेत भरतो. रात्री रंगाचा उपयोग नाही, तिथे चमकपट्टी हवी, आणि ती छातीपेक्षा कमरेवर आणि मनगटावर जास्त दिसते. हात दाखवून वळणारा माणूस मनगटावरच्या पट्टीने ओळखू येतो.

जॅकेट कितीही चांगलं असलं तरी मडगार्डशिवाय पाठ ओली होणार. मागचं चाक रस्त्यावरचं पाणी उचलून सरळ कंबरेपासून मानेपर्यंत रेघ मारतं, आणि त्या पाण्यात वाळूचे बारीक कण असतात. ते कण सीटजवळच्या कापडाला पॉलिशपेपरसारखे घासतात, लेप तिथेच आधी जातो. कोकणातल्या जांभ्याच्या लाल पाण्याचा डाग फिक्या रंगावरून सहसा निघत नाही हेही आलंच. सीटखाली अडकवायचा प्लॅस्टिकचा छोटा मडगार्ड दोनेकशे रुपयांत येतो. त्याने पायांचं संरक्षण होत नाही, पण जॅकेटचं आयुष्य वाढतं. आतून सुती बनियन मात्र घालू नका, ती भिजली की गारच राहते. पॉलिएस्टरची जाळीदार बनियन घाला, ती ओल्या कापडाला अंगापासून दूर धरते.

नवं जॅकेट परत करायची मुदत संपण्याआधी घरी एक चाचणी करा. आत फिक्या निळ्या किंवा राखाडी रंगाचा सुती शर्ट घाला, त्यावर ओल चटकन उमटते. वर जॅकेट, झिप पूर्ण बंद, आणि शॉवरखाली हँडल धरल्यासारखं वाकून दहा मिनिटं. पाणी गारच घ्या, गरम पाण्याने घाम येऊन निकाल बिघडतो. मग अंग पुसून जॅकेट काढा आणि शर्टवर बघा. छातीवर उभी रेघ म्हणजे झिप, खांद्यावर तिरपी रेघ म्हणजे शिवणीची टेप, मानेभोवती अर्धवर्तुळ म्हणजे गळा सैल. सगळीकडे हलकी ओल म्हणजे तुमचाच घाम.

धुण्याचं तंत्र सोपं आहे, पण पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर दोन्ही वर्ज्य. पाणीबंद कपड्यांसाठीचं खास द्रावण मिळालं तर उत्तम, नाहीतर लोकरी कपड्यांचा सौम्य द्रव साबण नेहमीच्या निम्म्याने घ्या. झिपा आणि वेल्क्रो बंद करून, कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, फेस जाईपर्यंत दोनदा-तीनदा खळबळा. सावलीत वाळल्यावर लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तर मंद आचेवर, वाफ न सोडता, मध्ये सुती फडकं ठेवून फिरवा. त्या उबेने दबलेला लेप पुन्हा जागा होतो. मग चुळकाभर पाणी टाकून बघा. मोती झाले तर काम झालं. नाही झाले तर लेपाचा स्प्रे आणून ओल्या कापडावरच मारायचा. पावसाळ्यात रोज वापर असेल तर महिन्यातून एकदा धुणं पुरतं.

आपल्याकडे जॅकेटं मरतात ती बहुतेक कपाटात. सप्टेंबरअखेर ते गुंडाळून पिशवीत कोंबलं जातं आणि जूनमध्ये उघडलं की आतून पांढरे पापुद्रे सुटतात, कापड हाताला चिकट लागतं. पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर ओलावा आणि उष्णतेने हळूहळू विघटित होतो, आणि घामाचं मीठ व तेल त्यात भर घालतं. एकदा पापुद्रे सुटले की दुरुस्ती नाही. त्यामुळे शेवटच्या पावसानंतर धुऊन, पूर्ण वाळवून, हँगरवर मोकळं टांगा.

फाटलं तर शिंप्याकडे नेऊ नका. सुईचं प्रत्येक भोक ही नवी गळती. आतून-बाहेरून चिकटणारा नायलॉनचा पॅच लावा, कोपरे गोल कापून, भोकापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा. कडा काटकोनात ठेवल्या तर तिथूनच उचलतात. झिपचा रनर ढिला झाला असेल तर मात्र छत्री-चेन दुरुस्तीवाला दहा मिनिटांत बदलून देतो, त्याला फक्त झिप उसवू नको एवढं सांगा. आणि क्लबचं नाव जॅकेटवर भरतकामाने करून घ्यायची हौस असेल तर ती जर्सीवर भागवा. छातीवर चार इंची नाव विणलं की शेकडो भोकं पडतात, मग आतली टेप, मेम्ब्रेन आणि दहा हजारांचा आकडा, कशाचाच उपयोग राहत नाही.